ऑस्ट्रेलियाचं विद्यापीठ, सांगलीचं घर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

(शेवटची दुरुस्ती: 22 फेब्रुवारी 2022)

माझी मुलगी जुलै 2020 पासून मेलबर्नच्या एका विद्यापीठात मास्टर्स करते आहे आणि मेलबर्न तिनं अजून पाहिलेलं नाही. कोविडमुळे ऑस्ट्रेलियाची सीमा बंद झाली, म्हणून वर्ग आमच्या सांगलीच्या घरातल्या मधल्या खोलीत भरतो. मी बँकेत नोकरीला, त्यामुळे फॉर्म आणि नियम वाचण्याची सवय आहे. सुरुवातीला चार पालकांना फोनवर उत्तरं दिली. मग मिरज, कोल्हापूर, चिपळूण, पुणे असं करत तेच प्रश्न परत परत यायला लागले, म्हणून एकदाचे लिहून काढले. ही सगळी माहिती ऑस्ट्रेलियाची आणि फेब्रुवारी 2022 पर्यंतची आहे. कॅनडा, अमेरिका, ब्रिटनचे नियम निराळे आहेत, तिकडच्यांनी इथलं काही गृहीत धरू नये.

1. मुलगा घरीच बसून शिकतोय, मग तो परदेशी विद्यार्थी कसा?

ऑस्ट्रेलियानं 20 मार्च 2020 ला आपले नागरिक आणि कायमचे रहिवासी सोडून बाकीच्यांना सीमा बंद केली. प्रवेश मिळालेले, फी भरलेले, काही तर व्हिसा हातात असलेले विद्यार्थी इथेच अडकले आणि विद्यापीठांनी त्यांना ऑनलाइन वर्गात बसवलं. प्रवेश पूर्णवेळ, फी परदेशी विद्यार्थ्याची, अभ्यासक्रम आणि परीक्षा तिथल्या मुलांच्याच. प्रवेशनिश्चितीचं पत्र, ज्याला सगळे 'सीओई' म्हणतात, तेही तसंच. भारतात बसून ऑनलाइन शिकायला व्हिसा लागत नाही. आमच्या मुलीचा पहिला महिना व्हिसाशिवायच गेला.

कागदावरचं एवढंच. घरासाठीचं उत्तर मात्र वेगळं द्यावं लागतं, कारण हा प्रश्न बहुतेक वेळा 'मग त्याला दळण आणायला पाठवलं तर काय बिघडलं?' या अर्थानं येतो. तो घरात आहे, पण मोकळा नाही. तो मेलबर्नला गेला असता तर दुपारी अकराला तुम्ही त्याला गॅस सिलिंडर घ्यायला हाक मारली असती का? मग आताही मारू नका. या पानावरची निम्मी उत्तरं याच एका गोष्टीतून निघतात.

2. 'नऊचा वर्ग' आपल्याकडे नेमका किती वाजता?

शहर आणि महिना, दोन्ही बघावे लागतात. मेलबर्न आणि सिडनीचं घड्याळ एप्रिल ते ऑक्टोबर आपल्यापुढे साडेचार तास असतं आणि ऑक्टोबर ते एप्रिल साडेपाच तास. म्हणजे तिथला सकाळी नऊचा वर्ग आपल्याकडे पहाटे साडेचारला किंवा थेट साडेतीनला. ॲडलेडचा फरक चार आणि पाच तासांचा. ब्रिस्बेनला घड्याळ हलवत नाहीत, बारा महिने साडेचार तास. पर्थवाल्यांची चैन आहे: फक्त अडीच तास, तेही वर्षभर.

घड्याळ बदलतं ते एप्रिलच्या आणि ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी, आणि हे दोन्ही रविवार ऐन सत्राच्या मधे येतात. भिंतीवरच्या कालनिर्णयावर आत्ताच खूण करा. आणखी एक फसगत ठरलेली: असाइनमेंटची मुदत 'रात्री 11:59' अशी दिसते, ती मेलबर्नची रात्र. आपल्याकडे संध्याकाळचे 6:29 किंवा 7:29. मुलं रात्री जेवून निवांत अपलोड करायला बसतात आणि मुदत उलटून चार तास झालेले असतात.

3. रोज पहाटे तीनला उठायचं म्हणजे तब्येतीचं काय?

रोज उठायची गरज नसते, आणि हे आम्हाला पहिलं सत्र संपल्यावर कळलं. मोठी व्याख्यानं बहुतेक रेकॉर्ड होतात, ती सकाळी दहाला पाहिली तरी चालतात. हजर राहावं लागतं ते छोट्या गटाच्या ट्युटोरियलला, आणि त्याचे एकाच आठवड्यात चार-पाच पर्याय असतात. दुपारी दोनचं ट्युटोरियल निवडलं तर आपल्याकडे सकाळचे साडेआठ किंवा साडेनऊ. वेळापत्रक निवडायची खिडकी ज्या मिनिटाला उघडते त्या मिनिटाला मुलानं लॅपटॉपसमोर हवं, कारण दुपारच्या जागा आधी भरतात. दोन-अडीचशे मुलं एकाच वेळी तुटून पडतात, अगदी दिवाळीच्या गाडीच्या आरक्षणासारखी.

तरीही एखादा पहाटेचा वर्ग वाट्याला आलाच, तर विषयाच्या समन्वयकाला 'मी भारतातून शिकते, वर्ग माझ्याकडे पहाटे 3:30 ला येतो' असं साधं मेल करावं. आमच्या अनुभवात तिथली शिक्षक मंडळी ऐकून घेतात. फक्त ती आपणहून विचारत नाहीत. आपली मुलं 'सरांना कसं सांगायचं' म्हणून गप्प बसतात, आणि घरी आपणही त्यांना आजवर तेच शिकवलेलं असतं.

4. घर दोनच खोल्यांचं आहे, शांत जागा आणायची कुठून?

जागा नसेल तर वेळ द्या. आमच्याकडे फ्रिजच्या दारावर मुलीच्या वर्गांच्या आपल्या वेळा लिहिलेला कागद आहे. त्या वेळांत मिक्सर नाही, टीव्हीचा आवाज बंद, कुकर आधी किंवा नंतर. सासूबाईंची पोथी सकाळी सातला असते. ती त्यांनी मागची अठरा वर्षं बदललेली नव्हती, सत्रापुरती साडेनऊवर नेली. घरात आजवर झालेल्या वाटाघाटींपैकी सगळ्यात अवघड ती होती.

सामानात भर फक्त दोन गोष्टींची: कानावर घट्ट बसणारा माईकचा हेडफोन, आणि पाठ टेकेल अशी खुर्ची. पलंगावर बसून दोन वर्षं मास्टर्स होत नाही, पाठ जाते. कॅमेऱ्यात मागची दोरीवरची कपडे दिसतात याची मुलांना फार लाज वाटते. एक साधा पडदा लावा आणि विषय संपवा.

5. लाइट आणि नेट गेलं की वर्ग बुडतो. उपाय काय?

लाइट गेली तरी लॅपटॉप दोन-तीन तास चालतो, बंद पडतो तो वायफायचा राउटर. घरी इन्व्हर्टर असेल तर राउटरचा प्लग त्यावर घ्या. नसेल तर फक्त राउटर चालवणारा छोटा यूपीएस मिळतो, तेवढा पुरतो. मोबाइलचं सिम ब्रॉडबँडच्या कंपनीचं नको, दुसऱ्या कंपनीचं हवं, म्हणजे एक गेलं तरी दुसरं हाताशी राहतं. रेकॉर्ड झालेली व्याख्यानं रात्रीच उतरवून ठेवावीत. वर्गात नेट रडायला लागलं की स्वतःचा कॅमेरा बंद करून आवाज तेवढा चालू ठेवावा, बराच भार हलका होतो.

महावितरणच्या देखभालीचा ठरलेला वार असतो, आमच्याकडे बहुधा गुरुवार. त्या दिवशी परीक्षा असेल तर नातेवाइकाच्या घरी जाऊन बसायची सोय आदल्या आठवड्यातच करा. दिवसच्या दिवस लाइट नसेल, तर पुढचा प्रश्न वाचा.

6. पूर आला, वादळ आलं, घरात कोणी आजारी पडलं, तर विद्यापीठ समजून घेतं का?

घेतं, पण अर्ज केला तर, आणि वेळेत केला तर. त्याला तिथे 'स्पेशल कन्सिडरेशन' म्हणतात. मुदत वाढवून मिळते, परीक्षा पुन्हा देता येते, कधी तो भाग वगळून गुण धरतात. अर्जाची मुदत फार थोडी असते, अनेक ठिकाणी जेमतेम तीन कामकाजाचे दिवस. दहा दिवसांनी 'आमच्याकडे पूर आला होता' हे सांगून उपयोग होत नाही.

22 जुलै 2021 ला चिपळूण बुडालं, मागोमाग आमच्याकडे कृष्णेचं पाणी चढलं. आणि नेमका तोच तिकडे दुसरं सत्र सुरू होण्याचा आठवडा. चिपळूणच्या एका मुलाचा लॅपटॉपच पाण्यात गेला. त्यानं काय केलं ते सांगते, कारण तसंच करायला हवं. पाहुण्याच्या फोनवरून पहिल्या दिवशी दोन ओळींचं मेल टाकलं: पूर आहे, वीज नाही, कागद नंतर देतो. पुराच्या इंग्रजी बातमीचा दुवा जोडला. पंधरा दिवसांनी तलाठ्याच्या पंचनाम्याची प्रत इंग्रजी भाषांतरासह पाठवली. त्याला सगळ्या मुदती वाढवून मिळाल्या आणि विद्यापीठाच्या मदतनिधीतून थोडे पैसेही. असा अडचणीतल्या विद्यार्थ्यांसाठीचा निधी असतो हे मला तोवर माहीत नव्हतं.

2021 च्या एप्रिल-मे मध्ये ज्या घरांनी माणसं गमावली, त्यांच्या मुलांनाही हाच मार्ग. आरटीपीसीआरचा अहवाल, दवाखान्याचा कागद, मृत्यूचा दाखला. त्या दिवसांत मुलाला अर्ज भरायला बसवणं जिवावर येतं, कळतं मला. मजकूर तुम्ही किंवा एखाद्या मामा-काकानं लिहून द्या, त्यानं फक्त पाठवावा. अर्ज विद्यार्थ्याच्या खात्यातूनच जावा लागतो. पालकांच्या मेलला विद्यापीठ बहुतेक वेळा उत्तरच देत नाही. मूल सज्ञान आहे, त्याची माहिती आईवडिलांनाही सांगायची नाही, असा त्यांचा नियम आहे. राग येतो, पण तो नियम आहे.

7. ऑनलाइन परीक्षेच्या वेळी घरच्यांनी काय पाळायचं?

आधी परीक्षेचा प्रकार विचारून घ्या. काही परीक्षा 24 तास उघड्या असतात, त्यात फारसं काही पाळावं लागत नाही. दुसऱ्या प्रकारात कॅमेऱ्यातून लक्ष ठेवतात. सुरुवातीला खोली चारही बाजूंनी, टेबलाखालून, कधी छताकडूनही दाखवावी लागते. नंतर खोलीत दुसरा माणूस दिसला, कोणी बोललेलं ऐकू आलं, मूल सारखं दाराकडे बघायला लागलं, तरी नोंद होते. पुढे चौकशी लागू शकते.

तेव्हा दार बंद, घरातले फोन मुके, बेलचा स्विच बंद, पाणी आधीच आत ठेवलेलं. आमच्या मधल्या खोलीची आतली कडी तुटकी, म्हणून मी बाहेरून कडी घातली आणि बँकेत निघून गेले. पेपर दोन तासांचा होता, मुलगी साडेचार तासांनी बाहेर पडली. कडी लावाल तर किल्लीदार घरात ठेवा.

8. शिकवणी ऑनलाइन, मग फी पूर्ण का? काही सूट मिळते?

बहुतेक विद्यापीठांनी शिकवणीची फी कमी केली नाही. त्यांचं म्हणणं, शिक्षक तेच, पदवी तीच. मला ते पूर्ण पटलेलं नाही, कारण प्रयोगशाळा, ग्रंथालयाची इमारत आणि वर्गातले मित्र हेही फीतच धरलेले असतात. पण भांडून काही हाती लागत नाही, मागून लागतं. देशाबाहेरून शिकणाऱ्यांसाठी अनेक विद्यापीठांनी शिष्यवृत्ती किंवा फीतली सवलत काढली आणि ती प्रत्येक वेळी आपोआप लागू होत नाही. विद्यार्थी-सुविधांचं जे वेगळं शुल्क असतं, तेही बाहेरून शिकणाऱ्याला काही ठिकाणी कमी पडतं. फी हप्त्यांत भरता येते का हेही विचारा. विचारायचं मुलानंच, लेखी (कारण प्रश्न 6 मध्ये आलं आहे).

9. फी पाठवताना बँक टीसीएस (पैसे पाठवतानाच गोळा केला जाणारा आयकर) कापते, तो का आणि किती?

हा माझ्या पोटापाण्याचा विषय, त्यामुळे जरा सविस्तर. परदेशी पैसे पाठवण्याची रिझर्व्ह बँकेची जी योजना आहे, तिच्यात माणशी वर्षाला अडीच लाख अमेरिकी डॉलरची मर्यादा आहे. 1 ऑक्टोबर 2020 पासून बँक यावर कर गोळा करू लागली. 2022 मध्ये तो एका आर्थिक वर्षात सात लाखांच्या वर पाठवलेल्या रकमेवर होता. शिक्षणासाठी घरचे पैसे पाठवले तर 5 टक्के, मान्यताप्राप्त संस्थेच्या शैक्षणिक कर्जातून गेले तर 0.5 टक्के. हा कर फक्त सात लाखांच्या वरच्या भागावर होता. बारा लाख पाठवले तर पाच लाखांवर, म्हणजे घरच्या पैशावर 25,000 रुपये आणि कर्जाच्या पैशावर 2,500.

हे पैसे बुडत नाहीत. ज्याच्या पॅनवरून रक्कम गेली त्याच्या 26एएस मध्ये (आयकर खात्याकडचा जमा कराचा उतारा) नोंद दिसते, विवरणपत्र भरताना ते करातून वळते होतात किंवा परत मिळतात. म्हणून जो विवरणपत्र भरतो त्याच्याच खात्यातून पाठवा. आजोबांच्या नावावरच्या ठेवी मोडून त्यांच्याच खात्यातून पाठवायच्या आणि ते विवरणपत्र भरत नाहीत, अशी तीन घरं मी पाहिली.

दोन बारकावे आणखी. ही मर्यादा (2022 मध्ये सात लाख) पाठवणाऱ्याची आहे, त्यामुळे आई आणि वडील दोघांनी आपापल्या खात्यातून अर्धी-अर्धी पाठवली तर दोघांनाही ती स्वतंत्र मिळते. आणि आपलं आर्थिक वर्ष 31 मार्चला संपतं, त्यांची सत्रं फेब्रुवारी-मार्च आणि जुलैत सुरू होतात. पहिल्या सत्राची फी मार्चअखेरच्या आत गेली की दोन सत्रांची फी दोन वेगळ्या वर्षांत पडते.

10. कर्ज मंजूर आहे, पण मुलगी इथेच. बँक राहण्याखाण्याचे पैसे देईल का?

सहसा नाही. बँक फी थेट विद्यापीठाला पाठवते, राहण्याचा खर्च आणि तिकीट प्रत्यक्ष निघताना. ते चांगलंच आहे, कारण उचल केलेल्या रकमेवर व्याज पहिल्या दिवसापासून चढतं. हप्ते मात्र अभ्यासक्रम संपून साधारण एक वर्षानं सुरू होतात. मंजुरीपत्राला मुदत असते, ती निघायच्या आधी संपणार असेल तर शाखेत जाऊन वाढवून घ्या आणि वाढवल्याचा कागद मागा, तोंडी 'हो' चालत नाही. आम्हीही तोंडी 'हो' म्हणतो आणि आमची बदली होते.

आयकरातली शैक्षणिक कर्जाच्या व्याजावरची (कलम 80ई ची) वजावट ज्या वर्षी व्याज भरायला लागाल त्या वर्षापासून आठ वर्षं मिळते. मुलीच्या शिक्षणाच्या काळातच थोडं थोडं व्याज भरायला घेतलंत तर आठ वर्षांचं मोजमाप तिथूनच सुरू होतं. भरू नका असं म्हणत नाही. व्याज भरत राहणं बऱ्याचदा फायद्याचंच. फक्त गणित मांडून मग ठरवा.

11. तिकडच्या आरोग्य विम्याचे पैसे भरलेत, पण पोरगा मिरजेत आजारी पडला. विमा चालेल?

नाही. ओएसएचसी हा परदेशी विद्यार्थ्यांचा विमा ऑस्ट्रेलियातल्या उपचारांसाठी आहे. इथे इथलाच विमा लागतो, आणि कुटुंबाच्या पॉलिसीतून मुलांचं नाव ठरावीक वयाला निघतं, ते तपासा. ऑस्ट्रेलियात पाऊलच ठेवलेलं नसताना गेलेल्या काळाचे पैसे परत किंवा विमा पुढे ढकलून अनेकांना मिळाला आहे. कंपनीला लिहा, पासपोर्टची प्रत जोडा.

12. मुलगा दिवसभर झोपतो, कोणाशी बोलत नाही. आळस म्हणायचा की काही गंभीर?

आधी प्रश्न 2 चा हिशेब करा. पहाटे तीन ते सहा वर्ग झाला असेल तर सकाळी अकरापर्यंतची झोप ही त्याची रात्रच आहे. त्याला आळशी म्हणू नका.

पण वर्ग नसतानाही उठत नसेल, जेवण खोलीत मागवत असेल, 'कसं चाललंय' वर सहा महिने 'बरं चाललंय' एवढंच येत असेल, तर थांबू नका. या मुलांचं एकटेपण विचित्र आहे. इथल्या मित्रांना वाटतं हा ऑस्ट्रेलियावाला, तिथल्या वर्गाला वाटतं हा पडद्यावरचा चौकोन. गटकामात बाकीचे चौघं संध्याकाळी कॅम्पसच्या कॅफेत भेटतात आणि याला दुसऱ्या दिवशी कळतं. शिवाय घरानं त्याच्यावर पैसे लावलेत, हे तो क्षणभरही विसरत नाही. आमच्या मुलीनं एका विषयात नापास झाल्याचं पाच आठवडे सांगितलं नव्हतं. मी विचारलं असतं तर सांगितलं असतं, असं ती म्हणाली. मी रोज विचारत होते, पण जेवलीस का, एवढंच.

विद्यापीठाचे समुपदेशक देशाबाहेरच्या विद्यार्थ्यांशीही व्हिडिओवर बोलतात, त्याचे वेगळे पैसे नाहीत. परदेशी माणसाशी इंग्रजीत मन मोकळं करणं जमत नसेल तर मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची आयकॉल ही सेवा आहे, तिथे फोनवर मराठीतही बोलता येतं. जीव द्यायची भाषा कानावर आली तर मात्र फोनवर विसंबू नका, त्याच दिवशी जवळच्या मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या आणि तोवर त्याला एकटं सोडू नका.

जमेल तेव्हा त्याच शहरात अडकलेल्या दुसऱ्या विद्यार्थ्याशी गाठ घालून द्या. सांगलीत आम्हाला तिघी सापडल्या. त्या शनिवारी आमराईत फिरायला जात आणि सगळा वेळ ट्युटरच्या नकला करत.

13. तोवर पुण्यात नोकरी केली तर चालेल?

चालेल. विद्यार्थी व्हिसावरची कामाच्या तासांची मर्यादा (तेव्हा पंधरवड्याला 40 तास) ऑस्ट्रेलियातल्या कामाला आहे, आणि तीही जानेवारी 2022 पासून तात्पुरती उठवली होती. भारतातल्या कामाशी तिचा संबंध नाही. पण पूर्णवेळ अभ्यासक्रम आणि पूर्णवेळ नोकरी दोन्ही उरकणारी मुलं मी दोनच पाहिली, त्यातल्या एकानं नंतर नोकरी सोडली.

14. नर्सिंग, प्रयोगशाळा, शिक्षकाचं प्रशिक्षण यांचं काय?

ते पडद्यावर होत नाही. सिद्धान्ताचे विषय आधी घेऊन प्रत्यक्ष काम शेवटी ढकलता येतं का, हे विषयवार लेखी विचारा. उत्तर 'नाही' आलं तर प्रश्न 15 कडे जा.

15. एक सत्र गाळलं तर? किंवा विषय कमी घेतले तर?

दोन्ही करता येतं, पण परवानगीशिवाय नाही. परदेशी विद्यार्थ्यानं ठरल्या वेळेत अभ्यासक्रम पुरा करायचा असा तिथला कायदा आहे. आजारपण, घरातला मृत्यू ही सबळ कारणं धरली जातात, तेव्हा महामारीमुळे अडकणंही धरलं जाई. सत्र गाळलं की सीओई बदलतं किंवा रद्द होतं, आणि त्याचा धागा व्हिसाला जोडलेला असतो. म्हणून आधी विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कक्षाशी बोलायचं, मग अर्ज करायचा.

विषय सोडायचा तर 'सेन्सस डेट'च्या आत. ती बहुतेक ठिकाणी मार्च आणि ऑगस्टच्या अखेरीस येते. त्यानंतर सोडला तर फी जाते, आणि अजून उशीर झाला तर गुणपत्रकावर खूणही राहते.

16. व्हिसा वापरलाच नाही आणि तो संपत आलाय. परत पैसे भरायचे?

महामारीमुळे अभ्यासक्रम मूळ मुदतीत पुरा होऊ शकला नाही, तर तेव्हा नव्या विद्यार्थी व्हिसाच्या अर्जाची फी माफ होत असे. ही सोय जुलै 2020 मध्ये जाहीर झाली. त्यासाठी 1545 क्रमांकाचा फॉर्म विद्यापीठाकडून भरून घ्यावा लागे. एजंटाला याचे वेगळे पैसे द्यायची गरज नव्हती, विद्यापीठ तो फुकट देत असे.

17. घरी बसून शिकल्यामुळे नंतरच्या कामाच्या व्हिसाला अडचण येईल का?

पदवीनंतरचा 485 व्हिसा मिळायला एरवी ऑस्ट्रेलियात राहून शिकल्याची अट असते. महामारीच्या सवलतीत विद्यार्थी व्हिसाधारकानं देशाबाहेरून ऑनलाइन केलेला अभ्यास त्या अटीत धरला जात होता, आणि अर्जही बाहेरून करता येत होता. मात्र तुमच्या मुलाच्या तारखा त्यात बसतात का, हे व्हिसाच्या मूळ नियमातून किंवा नोंदणीकृत मायग्रेशन एजंटाकडून तपासा. नात्यातल्या कोणाचं तरी झालं म्हणून आपलंही होईल, असं इथे चालत नाही. व्हिसा नसतानाच्या महिन्यांचं काय, असा प्रश्न असेल (आमचाही होता) तर तो लेखीच विचारा.

18. कोव्हॅक्सिन घेतलीय, चालेल ना?

चालेल. कोविशील्डला ऑस्ट्रेलियानं 1 ऑक्टोबर 2021 ला मान्यता दिली, कोव्हॅक्सिनला 1 नोव्हेंबरला. 2022 च्या सुरुवातीच्या नियमानुसार दोन डोस आणि दुसऱ्यानंतर सात दिवस गेलेले लागत. कोविनवर जाऊन प्रमाणपत्राला पासपोर्ट क्रमांक आणि पूर्ण जन्मतारीख जोडून घ्यावी लागे. प्रमाणपत्रावरचं नाव पासपोर्टशी अक्षरन् अक्षर जुळावं लागे. आपल्याकडे एका कागदावर वडिलांचं नाव मधे असतं, दुसऱ्यावर नसतं, तिथेच घोळ होतो.

19. सीमा उघडली म्हणतात. लगेच पाठवायचं का?

15 डिसेंबर 2021 पासून लस पूर्ण झालेल्या विद्यार्थी व्हिसाधारकांना वेगळी परवानगी न काढता जाता येऊ लागलं. पश्चिम ऑस्ट्रेलियाचं दार फेब्रुवारी 2022 मध्येही बंद होतं, तिथला मुहूर्त 3 मार्च 2022, त्यामुळे पर्थवाल्यांना तोवर थांबणं भाग होतं. 19 जानेवारी ते 19 मार्च 2022 या काळात पोचणाऱ्या विद्यार्थ्यांना व्हिसाची फी, म्हणजे तेव्हाचे 630 ऑस्ट्रेलियन डॉलर, परत मिळणार होती. त्यासाठी पोचल्यावर अर्ज करायचा. निघण्याआधी तेव्हा कोविडची चाचणी लागत असे, आणि 18 फेब्रुवारी 2022 पासून प्रवासाचं डिजिटल घोषणापत्र.

लगेच पाठवायचं का, हे शिक्षण किती उरलंय त्यावर ठरतं. एक वर्ष किंवा जास्त उरलं असेल तर पाठवा. चार महिनेच असतील तर घरभाड्याचा हिशेब करा, पण तेवढ्यासाठी मुलाचा कॅम्पस बुडवू नका, असं माझं मत. आमच्या घरात हे मत सगळ्यांना मान्य नव्हतं. आणि जायचंच नसेल तर ऑनलाइन पर्याय या सत्रात सुरू आहे का ते विषयवार पाहा, तो 2022 मध्ये हळूहळू बंद होत चालला होता.

20. भाचा चीनच्या विद्यापीठात एमबीबीएस करतोय, दोन वर्षं घरूनच. त्यालाही हेच लागू?

नाही, अजिबात नाही. म्हणून त्याला या पानावरचा दिलासा देऊ नका. चीननं मार्च 2020 च्या अखेरीस परदेशी व्हिसाधारकांना प्रवेश थांबवला आणि भारतीय विद्यार्थ्यांना फेब्रुवारी 2022 पर्यंत परत घेतलेलं नव्हतं. 29 जून 2020 ला आपल्या सरकारनं 59 चिनी ॲप बंद केली, त्यात वीचॅटही गेलं, ज्यावर त्यांच्या वर्गाच्या सूचना येत. पण मुख्य अडचण इथली आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं 8 फेब्रुवारी 2022 च्या सूचनेत सांगितलं आहे की फक्त ऑनलाइन केलेला वैद्यकीय अभ्यासक्रम मान्य नाही. वैद्यकीय शिक्षणाला रुग्णालय लागतं, हे म्हणणं चूक नाही, पण मुलांनी त्यात काय करायचं होतं? त्या पालकांनी आयोगाच्या सूचना स्वतः वाचाव्यात आणि एजंटाच्या 'होऊन जाईल' वर आणखी एका वर्षाची फी भरू नये.

21. पाहुणे विचारतात, 'हे ऑनलाइन ऑस्ट्रेलिया म्हणजे नक्की काय?' काय सांगायचं?

मी सुरुवातीला सीओई, व्हिसा, टाइम झोन सगळं समजावून सांगत असे. आता 'हो, शिकतेय' एवढंच सांगते. आमची मुलगी येत्या शनिवारी निघते आहे. परवा बॅगा खाली उतरवल्या तेव्हा समोरच्या काकूंनी विचारलं, 'ऑस्ट्रेलियाहून कधी आली गं?'